फळ्यावरचा चौथा बिल्ला

तीन माणसे खाणीत उतरली होती. ती तिन्ही माणसे सापडली. तरीसुद्धा त्यांना शोधावयास गेलेला रोबो परत येईना. तो चौथ्या माणसाचा शोध घेत फिरतच राहिला. चौथा माणूस तर त्या दिवशी खाणीत उतरलाच नव्हता. ज्या यंत्रास भीती नाही, लोभ नाही, थकवा नाही, त्याच्या हातून अशी चूक का व्हावी? जिज्ञासू वाचकांनी हे कोडे मनात धरून पुढील वृत्तान्त वाचावा.

सन २०५८ मधील गोष्ट आहे. चंद्रपूरच्या बाजूला वेणगुडा नावाच्या गावी जमिनीखाली कोळशाची खाण होती. गावातील पारमिता रामटेके ही मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिची आई सुगंधा खाणीतील पाणी उपसणाऱ्या पंपावर काम करीत असे. तिचे वडील आनंद हेही त्याच खाणीत होते. सात वर्षांपूर्वी पश्चिमेकडील बोगद्याचे छत कोसळले आणि ते आतच राहिले. तिसऱ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. त्यांचा देह आजतागायत वर आलेला नाही.

पारमिताचे आजोबा डॉ. धर्मपाल रामटेके हे रोबोशास्त्रज्ञ होते. गावातील मुले त्यांना आबाजी म्हणत. मुलगा गेल्यावर ते शहरातील प्रयोगशाळा सोडून गावी आले आणि त्यांनी एक सहा पायांचा रोबो बनवला. त्याचे नाव मुंगी. मुंगीच्या मागे एक बंद डबा जोडलेला असे. त्यात सहा माणसांना बसण्याची जागा आणि प्राणवायूचा साठा होता. खाणीत विषारी वायू भरला की मुंगीने आत जावे, अडकलेल्यांना डब्यात घ्यावे आणि सर्वांना एकदमच बाहेर आणावे, अशी योजना होती.

मुंगीची आज्ञावली (यंत्राला दिलेल्या सूचनांची क्रमवार मांडणी) त्यांनी ठोकळ्यांची केली होती. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळ्यावर साध्या मराठीत एक सूचना लिहिलेली असते. बोटाने ठोकळा ओढून दुसऱ्याखाली नेला की तो खाचेत बसतो. जे जुळत नाही ते खाचेत बसतच नाही, त्यामुळे लिहिण्याच्या चुका टळतात. गावातील विहारात दर रविवारी आबाजी मुलांना हे ठोकळे जोडावयास शिकवीत. ते म्हणत, "संकटाच्या वेळी मी असेन-नसेन. खाणीतल्या कोणालाही मुंगीचे मन वाचता आले पाहिजे."

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पूर्वेकडील बोगद्याचे छत पडले आणि आत विषारी वायू भरला. आत तिघे होते: सुगंधा, तिची सोबतीण चंद्रकला आणि देवाजी नावाचे वयस्कर कामगार. मुंगी प्रथमच खऱ्या संकटात आत शिरली. एवढ्या खोलीवरून तिच्याशी बोलता येत नसे. फक्त एका ठिकाणी जमिनीत बोअरचे भोक पाडून तार सोडलेली होती. मुंगी त्या भोकाखालून जाई तेव्हा अवघे चाळीस सेकंद संदेश देता-घेता येई.

एक वाजता पहिला संदेश आला.

सापडलेले: ३. उरलेले: १. प्राणवायू: ७० मिनिटे.

खाणीच्या तोंडाशी आबाजी व पारमिता पडद्यापुढे बसली होती आणि शेजारी इस्तारी मडावी उभे होते. ते खाणीचे सरदार, म्हणजे पाळीतील माणसांची जबाबदारी ज्यांच्यावर असते ते. त्यांनी पडद्याकडे दोनदा पाहिले.

"डाक्टरसायब, हे काय म्हन्ते? तीनच जन गेलते. मीच मोजलो ना."

"कोणी बिल्ला न लावता उतरलं का?"

"माझ्या पाळीत? बिल्ला न लावता मी आपल्या सासऱ्यालेही खाली जाऊ देत नाई."

खाणीची रीत अशी होती. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असे. खाली जाताना तो फळ्याच्या खिळ्यावर अडकवायचा आणि वर आल्यावर स्वहस्ते काढायचा. फळ्यावर जितके बिल्ले, तितकी माणसे खाली.

सव्वा वाजता मुंगी पुन्हा भोकाखाली आली. सापडलेले तीन, उरलेले एक, प्राणवायू पंचावन्न मिनिटे. ती तोच फेरा मारीत होती, आणि आई त्या डब्यात बसून तिच्यामागे फिरत होती.

"आबाजी, थांबवा ना तिला," पारमिता म्हणाली.

"थांबेल, पण तिथंच थांबेल. परतीच्या वाटेला बावीस मिनिटं लागतात, आणि चाळीस सेकंदांत तिला हात धरून आणता येत नाही. तिची आज्ञावलीच बदलायला हवी. पण चूक कुठे आहे ते तर कळू दे."

आबाजींनी पडदा तिच्यापुढे सरकवला. "मला माझी चूक दिसणार नाही. ज्याने लिहिलं त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं. तू वाच. मुंगी होऊन वाच. तुला काही ठाऊक नाही असं समज."

पारमिताने पहिल्या ठोकळ्यावर बोट ठेवले.

"फळ्यावरचे बिल्ले मोज. ती संख्या 'उरलेले' या खोक्यात ठेव."

खोका म्हणजे चल (जिच्यातील संख्या बदलू शकते अशी नाव दिलेली जागा). त्याखाली मोठा निळा ठोकळा होता, कवेत घेणाऱ्या हातासारखा. हे पुनरावर्तन (तेच काम पुन्हा पुन्हा करणे). त्यावर लिहिले होते: 'उरलेले' शून्य होईपर्यंत करीत राहा. त्याच्या पोटात दोन ठोकळे होते. पुढच्या बोगद्यात जा. माणूस सापडला तर त्याला डब्यात घे आणि 'उरलेले' एकाने कमी कर. निळा ठोकळा संपल्यावर सर्वांत खाली शेवटची सूचना होती: परत ये.

"तीन असते," पारमिता हळू म्हणाली, "तर तीनातून एक गेला दोन, दोनातून एक, मग शून्य. मग ती परत आली असती. म्हणजे आबाजी, तिनं सुरुवातीलाच चार मोजले."

"फळ्यावर तीनच आहेत ना पोरी," इस्तारी म्हणाले. "सुगंधा, चंद्रकला, देवाजी."

पारमिता उठून फळ्यापाशी गेली. प्रत्येक खिळ्यामागे तार होती. बिल्ला अडकला की यंत्राला कळत असे. तिने बोट लावून मोजले. एक, दोन, तीन. आणि वरच्या कोपऱ्यात, पुसून लख्ख ठेवलेला, चौथा.

त्यावर क्रमांक होता एकशे सतरा. तो तिच्या वडिलांचा होता.

जो वर आला नाही त्याचा बिल्ला दुसऱ्याने काढायचा नाही, अशी खाणीतल्या माणसांची रीत. सात वर्षे तो तेथे होता. पाळीवर जाणारा प्रत्येक जण त्याला हात लावून जाई. मोजताना मात्र सगळे त्याला वगळून मोजत. कोणी कोणास तसे सांगितले नव्हते.

"आमी त्याले मोजतच नाई," इस्तारी म्हणाले.

"आणि मी दर महिन्याला तो पुसतो," आबाजी म्हणाले. "सराव विहाराच्या अंगणात केला, तिथे फळा नवा होता. आनंद तिथे नव्हता."

पारमिताने कोणाकडे पाहिले नाही. पायाच्या टाचा उंच करून तिने तो बिल्ला काढला. मागे उभ्या असलेल्या कामगारांनी टोप्या उतरवल्या.

दीड वाजला. संदेश आला. सापडलेले: ३. उरलेले: १. प्राणवायू: ४० मिनिटे.

"काढला ना मी," ती म्हणाली. तिला रडू फुटले. "काढला ना आबाजी."

"ये, बस. रडत वाच, पण वाच. मोजण्याचा ठोकळा कुठे आहे?"

तिने डोळे पुसले. "सगळ्यात वर. निळ्याच्या बाहेर."

"मग तो किती वेळा चालतो?"

"एकदाच. सुरुवातीला." पारमिताने हातातल्या बिल्ल्याकडे पाहिले. "तिनं फळा एकदाच पाहिला. आता तिच्याजवळ फळा नाही, नुसता आकडा आहे. इकडे काही काढलं तरी तिला कळणारच नाही."

आबाजींनी मान हलवली. "यंत्र चुकलेलं नाही, बाई. मी सांगितलं तेच ते करतं आहे. माझ्या मनात काय होतं, ते त्याला सांगितलंच नव्हतं."

"पण आबाजी, खरंच कोणी सापडलंच नसतं तर? ती किती वेळ फिरली असती?"

"बॅटरी संपेपर्यंत."

"दुसरी अट का नाही घातली?"

अट (जी खरी ठरली तरच पुढचे पाऊल पडते ती गोष्ट) या निळ्या ठोकळ्याला एकच होती.

"मुद्दाम नाही घातली. माझ्या आनंदला तिसऱ्या दिवशी सोडून आले. मला असं यंत्र करायचं होतं, जे कोणालाही सोडून येणार नाही."

पारमिताने ठोकळ्यांच्या पेटीतून एक हिरवा ठोकळा ओढला. त्यावर लिहिले होते 'अथवा'. तो दोन अटींना जोडतो. दोहोंपैकी एक जरी खरी झाली तरी काम थांबते. तिने तो निळ्या ठोकळ्याच्या खाचेत बसवला आणि दुसऱ्या बाजूस नवी अट भरली.

'उरलेले' शून्य झाले अथवा प्राणवायू तीस मिनिटांहून कमी झाला.

"आणि मागे खरंच कोणी राहिलं असेल तर?" आबाजींनी विचारले.

"मग आहेत त्यांना वर ठेवून ती पुन्हा जाईल. पण आधी आहेत त्यांना आणेल, आबाजी."

पावणेदोन वाजता मुंगी भोकाखाली आली. प्राणवायू पंचवीस मिनिटे. नवी आज्ञावली तारेवरून खाली गेली. चाळीस सेकंद संपले. ती पोहोचली की नाही, हे समजण्यास मार्ग नव्हता. इस्तारी हातातील घड्याळाकडे पाहत उभे राहिले.

दोन वाजून सात मिनिटांनी अंधारातून सहा पायांची खरखर ऐकू आली.

डब्याचे दार उघडले. चंद्रकलाबाई स्वतःच्या पायांनी उतरल्या. सुगंधाला आधार द्यावा लागला. देवाजींच्या छातीवर छताचा दगड पडला होता. त्यांचे डोके सुगंधाच्या मांडीवर होते आणि ते गेलेले होते.

"मघापर्यंत बोलत होते," सुगंधा म्हणाली. "म्हनत होते, हे मुंगी काऊन घिरट्या घालते, घर विसरली का?"

खाणीच्या डॉक्टरांनी तपासले व देवाजींचे डोळे मिटले. आबाजी स्वतःच म्हणाले, "पाऊण तास आधी आले असते." त्यांना कोणी खोटे पाडले नाही.

सुगंधा फळ्याजवळ गेली. तिने आपला बिल्ला काढला. वरचा कोपरा रिकामा दिसताच ती थबकली. पारमिताने मूठ उघडली आणि सारे सांगितले. आईने तो बिल्ला हातात घेतला आणि मग इस्तारींकडे वळून म्हणाली, "भाऊ, एक दुसरी फळी ठोका. बिना तारेची."

तशी फळी आता तेथे आहे. तिच्यावर दोन बिल्ले आहेत, एक आनंदचा आणि एक देवाजींचा. पाळीवर जाणारे लोक दोहोंना हात लावून जातात. यंत्र त्यांना मोजत नाही.

रविवारच्या वर्गात आबाजी येतात, पण पडद्यापाशी पारमिता उभी राहते. तिचा नियम असा की, निळा ठोकळा मांडला की पोटात काही भरण्याआधी प्रत्येकाने सांगावे: हे कधी थांबेल? आणि ठरले तसे झाले नाही, तर कधी थांबेल? दोन्ही उत्तरे दिल्याशिवाय ती कोणास पुढे जाऊ देत नाही. मुले कंटाळतात. ती ऐकत नाही.

चार महिन्यांनी इस्तारी विहारात आले आणि मागच्या भिंतीशी मुलांमध्येच बसले. वर्ग संपल्यावर त्यांनी विचारले, "पोरी, तो पश्चिमेचा बोगदा. मानसं नाई पाठवायची. नुसती मुंगी. होईन का?"

पारमिताने आबाजींकडे पाहिले. मग दोघांनी मिळून ठोकळे मांडले. एकशे सतरा, म्हणजे आनंदच्या बिल्ल्याचाच क्रमांक असलेली टोपी दिसेपर्यंत शोध, अथवा बॅटरी निम्मी होईपर्यंत. तदनंतर परत ये. उद्या पुन्हा जा.

सोमवारी सकाळी मुंगी पश्चिमेकडे गेली. तिला काही सापडेल की नाही, हे कोणत्याही ठोकळ्यात लिहिता येत नाही. ती परत केव्हा येईल, हे मात्र लिहिता येते. आणि या वेळी ते लिहिलेले होते. पारमिता, तिची आई आणि आबाजी खाणीच्या तोंडाशी बाकावर बसून तिची वाट पाहू लागले.