नऊ नंबरची वाळवी

“आपल्या तुळयांवर या फुल्या कुणी मारल्या?” फुटपट्टी फाटकातच थबकली.

जुन्या शाळेच्या मैदानात सव्वीस तुळया एकावर एक रचून ठेवल्या होत्या. छप्पर उतरवल्यापासून, म्हणजे सुट्टीचे पहिले बारा दिवस, तिघं त्यांच्यामागे हात धुऊन लागली होती. त्यांनी खिळे उपटले, चुना खरवडला, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. याच तुळया, जुनी दारं आणि निवडलेल्या विटा वापरून नव्या शाळेचं वाचनालय उभं राहणार होतं. तसा आराखडा फुटपट्टीच्या आत्याने काढला होता. आत्या वास्तुकार होती. आणि आज सकाळी बघावं तिकडे लालभडक फुल्या.

फुटपट्टी बारा वर्षांची, उंच, सरळ, खिशात कायम मोजायची टेप. हे नाव वर्गातल्या मुलांनी ठेवलेलं. तिच्या धाकट्या बहिणीला घरात सगळे शेंडेफळ म्हणत. तिसरा शेजारचा बडबड्या. त्याचं नाव असं का, हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

“एकोणीस फुल्या,” शेंडेफळने मोजून सांगितलं.

फाटकावर कागद चिकटवला होता. बडबड्याने तो मोठ्याने वाचला. “‘तुळई क्रमांक दोन, तीन, पाच, नऊ...’ पुढे बरेच आहेत. ‘वाळवीने पूर्णपणे पोखरलेल्या आढळल्या. सबब बांधकामास निकामी.’ खाली तपासणी इंजिनियरची सही. काय सही आहे! अर्धा कागद तिनेच खाल्लाय.”

“नऊ?” शेंडेफळ म्हणाली. “ताई, नऊ तर लोखंडी आहे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच होतं. फार वर्षांपूर्वी एक तुळई मोडली तेव्हा कुणीतरी तिच्या जागी लोखंडी गर्डर बसवला होता, आणि विजोड दिसू नये म्हणून त्याला तपकिरी रंग दिला होता. लांबून पाहिलं तर लाकूडच वाटायचं. त्याच्यावरही लाल फुली होती.

“म्हणजे त्यांनी हात लावून काही तपासलंच नाही,” फुटपट्टी हळूच म्हणाली.

तेवढ्यात चहाचा पेला हातात घेऊन ठेकेदार आला. “पोरांनो, खेळ संपला. बारा वाजता ट्रक येतोय. फुलीवाल्या सगळ्या वीटभट्टीवर जळणाला जातील.”

“मग वाचनालयाचं छप्पर?”

“छपराला वीस तुळया लागतात, उरल्या सात. आता चार खांब आणि वर पत्रे. आठ दिवसांत काम खलास.”

बडबड्याने तोंड उघडलं, पण फुटपट्टीने त्याच्या पायावर पाय दिला. ठेकेदार गेल्यावर तो कळवळला. “सांगितलं का नाहीस नऊ नंबरचं?”

“आत्ता सांगितलं तर म्हणतील, एक आकडा चुकला, खोडून टाकू. आधी बाकीच्या अठरा बघू.”

तिने आत्याला फोन लावला. आत्याचा आवाज दमलेला होता. “मी तीनदा बोलले गं त्या इंजिनियरशी. वेळ नाही म्हणतो. त्याने स्वतः पुन्हा तपासून लिहून दिलं, तरच हे थांबेल. मी निघतेय, पण पोचायला संध्याकाळ होईल.”

“तोवर आम्ही तुळया हलवू देत नाही,” फुटपट्टी म्हणाली.

मैदानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सुतारआजोबा जुन्या दारांच्या बिजागऱ्या बसवत होते. तिने त्यांना गाठलं. “आजोबा, लाकूड पोखरलंय हे कसं ओळखायचं?”

आजोबांनी हातोडी उचलली आणि एका तुळईवर ठोकली. खणखणीत आवाज आला. मग तिसऱ्या थरातल्या एकीवर ठोकली. भद्द. “पोकळ झालं की असं बोलतं. खात्री नसेल तर पेचकस टोचायचा. आत घुसला तर गेलं, अडला तर शाबूत. आणि टोकं नीट बघा. टोकं भिंतीत असतात, ओल तिथे धरते. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई जात नाही, तेवढं कापायचं.”

मग काय, तिघं कामाला लागली. बडबड्या ठोकायचा, शेंडेफळ पेचकस टोचायची, फुटपट्टी कुजलेलं टोक टेपने मोजून वहीत लिहायची. उन्हाने कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. खालच्या तुळया गाठायला पालथं पडून आत शिरावं लागत होतं. बडबड्या तासभर एक अक्षर बोलला नाही, यावरून काय ते ओळखा.

साडेअकराला हिशेब लागला. अठरापैकी अकरा ठणठणीत. पाचांची फक्त टोकं गेलेली, तीही वीतभर. पूर्ण पोखरलेल्या दोनच.

“दोन,” फुटपट्टी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “दोन तुळयांसाठी एकोणीस जाळायला निघालेत.”

बरोबर बाराला ट्रक फाटकातून आत आला. तिघं तुळयांच्या ढिगावर मांडी घालून बसली होती.

“उतरा खाली,” ठेकेदार म्हणाला.

“नाही उतरणार.”

“तुझ्या वडिलांना सांगेन हं.”

“सांगा. नंबर देऊ का?”

ठेकेदाराचा चेहरा तांबडा झाला. तो पुढे सरकणार, एवढ्यात बडबड्याने अगदी काळजीच्या सुरात सांगितलं, “काका, तुमच्याच भल्यासाठी म्हणतो. नऊ नंबरची वाळवी आम्ही पाहिलीय. अशी वाळवी जगात कुणी पाहिली नसेल. साहेबांना दाखवल्याशिवाय ट्रकमध्ये घालू नका, उद्या ट्रकच खायला लागली तर तुम्हीच अडकाल.”

“काहीतरीच.”

“साहेबांनीच लिहिलंय, पूर्णपणे पोखरलेली. फाटकावर वाचा ना.”

ट्रक ड्रायव्हरने आपल्या ट्रकच्या नव्या फळ्यांकडे पाहिलं. “साहेबांना बोलवा,” तो म्हणाला. “त्याशिवाय मी भरत नाही.”

वीस मिनिटांत इंजिनियर आला, कपाळाला आठ्या घालूनच. “काय तमाशा आहे?”

फुटपट्टी ढिगावरून उतरली नाही. “साहेब, नऊ नंबरची तुळई तुम्ही कशी तपासलीत?”

“जशा सगळ्या तपासल्या. पेचकस खुपसून. आत नुसता भुगा.”

“एकदा खुपसून दाखवाल?”

शेंडेफळने अदबीने पेचकस पुढे केला. सगळे बघत होते, त्यामुळे साहेबांना तो घ्यावाच लागला. त्यांनी जोर लावला. पेचकस कर्रकन घसरला, तपकिरी रंगाचा पापुद्रा उडाला आणि खालचं लोखंड उन्हात चमकलं.

आधी ड्रायव्हर हसला. मग मजूर. ठेकेदाराने मान दुसरीकडे वळवली.

“आकडा चुकला असेल,” इंजिनियर पुटपुटला.

“मग बाकीचे अठरा बरोबर कशावरून?” फुटपट्टीने वही उघडून त्याच्यासमोर धरली. “आम्ही तपासल्यात. आता तुम्ही तपासा, एकेक करून. तोवर आम्ही इथून हलणार नाही. संध्याकाळ झाली तरी चालेल.”

“लहान तोंडी...” ठेकेदाराने सुरुवात केली.

“थांबा,” इंजिनियर म्हणाला. त्याने वहीची पानं उलटून पाहिली. मग खालच्या आवाजात म्हणाला, “ऊन फार होतं त्या दिवशी. मी गाडीतून उतरलोच नाही. वरच्या दोन तुळयांची कुजलेली टोकं दिसली आणि बाकीचं अंदाजाने लिहून टाकलं. फुल्या मजुरांनी यादी बघून मारल्या.” त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. “आण ती हातोडी.”

एकामागून एक तुळया उतरवल्या गेल्या. इंजिनियर गुडघ्यांवर बसून ठोकत होता, सुतारआजोबा शेजारी उभे राहून कान देत होते, शेंडेफळ वहीतल्या नोंदीपुढे बरोबरची खूण करत होती. एकही नोंद चुकीची निघाली नाही. साडेचारला त्याने नवा अहवाल लिहिला. सव्वीसपैकी चोवीस वापरण्याजोग्या. ट्रक दोन तुळया घेऊन खडखडत परत गेला.

संध्याकाळी आत्या धावतपळत आली. इंजिनियरने अहवाल तिच्या हातात दिला. “तुमच्या भाचीने आणि तिच्या या फौजेने आज मला माझं काम शिकवलं,” तो म्हणाला. “शाबास पोरांनो.” ठेकेदारानेही तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. ते शाबासच असावं, असं बडबड्याने सगळ्यांना सांगितलं. आत्याने तिघांना एकदम कवेत घेतलं, चुन्याने माखलेले तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारआजोबांनी पहिली तुळई कापण्यासाठी लाकडी घोडीवर चढवली. कुजलेलं टोक करवतीखाली गळून पडलं, आणि आतलं लाकूड दिसलं. मधासारखं पिवळं, ताजं, इतक्या वर्षांनीही वास येणारं. शेंडेफळने नाक लावून पाहिलं.

आजोबा करवत पुसून तुळईच्या दुसऱ्या कुजलेल्या टोकापाशी गेले आणि त्यांनी फुटपट्टीला हाक मारली.

“ये. हे टोक तू कापायचं.”