टोपीला दोनदा हात

मुक्ता घैसास पोळ्या लाटत होती आणि फ्रिजच्या दारावर दिगंबर आजगावकर धोतराचा सोगा सावरत उभे होते. "वहिनी, आतली कोथिंबीर गेली हो! माझ्यासारखीच, कुणाला न सांगता!" टेबलाशी बसलेली आठ वर्षांची ईरा खिदळली. दिगूकाका जाऊन तीसेक वर्षं झाली होती.

फ्रिजच्या स्क्रीनवरचे हे दिगूकाका म्हणजे प्रतिनट. गेलेल्या नटाच्या जुन्या चित्रफिती यंत्राला दाखवल्या की ते त्याचा चेहरा, आवाज, लकबी उचलतं आणि घरोघरी नवेनवे विनोद करतं. मुक्ताला त्याची शिसारी होती. तिची आई रंगमंचावर असताना हाच माणूस विंगेत छोट्या मुक्ताला पत्र्याच्या ट्रंकेवर बसवायचा आणि आपली एन्ट्री येईपर्यंत शेंगा सोलून दाणे भरवायचा. एवढा मोठा नट, आणि मेल्यांनी त्याला कोथिंबिरीवर राखणीला बसवलं होतं!

आज मात्र प्रतिनट बनवणाऱ्या कंपनीने नवा विनोद धाडला होता. दिगूकाकांनी बोलता बोलता छातीवर हात ठेवला, ते नाटकातल्या दाराच्या चौकटीला टेकले, "थांबा हो, दार फिरतंय," म्हणाले आणि डावीकडे बघत टोपीला दोनदा हात लावला. चित्रफितीतल्या प्रेक्षकांचा हशा उसळला. मुक्ताच्या हातातलं लाटणं निसटलं.

तिने तडक कंपनीला फोन लावला. सोहनी नावाचा तरुण बोलायला आला.

"तो नवा विनोद आधी काढून टाका."

"का हो ताई? आमचं यंत्र हशा मोजतं. काकांच्या सगळ्या प्रयोगांत सर्वांत मोठा हशा तिथेच आहे."

"अहो, विनोद कसला? साताऱ्याच्या प्रयोगात त्यांना हार्ट अटॅक आला होता! टोपीला दोनदा हात म्हणजे 'पडदा टाका'. डाव्या विंगेतल्या पडदेवाल्याशी ठरलेली खूण होती ती. त्याला वाटलं, काका पदरचं काहीतरी घालतायत. तोही पोट धरून हसत राहिला. मी तिथेच ट्रंकेवर बसले होते. थिएटर हसत होतं आणि माणूस मरत होता."

सोहनीचा आवाज एकदम उजळला. "ताई, हे कॅमेऱ्यासमोर सांगाल? 'अखेरचा हशा' म्हणून स्वतंत्र भाग करू. लोक आधी हसतील, मग रडतील. दोन्ही मोजता येतं आता."

"लाज वाटत नाही?" मुक्ताने फोन आपटला. तिला घाम फुटला, ओटा डोळ्यांपुढे तरंगू लागला. छातीत काहीतरी आवळलं, तशी तिने छाती धरली आणि ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकली.

मागे ईरा खळखळून हसली. "आई, सेम दिगूकाका! आता टोपी, टोपी!"

"ईरा... पाणी दे."

ईरा आणखीच हसली. फ्रिजवर दिगूकाका पुन्हा चौकटीला टेकले होते, डावीकडे बघत होते. ईरा हनुवटीवर हात ठेवून आईच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती. मुक्ताच्या मनात आलं, आता विंगेत ही बसली आहे. हिला पडद्याची खूण कोण शिकवणार?