मानकोटची फळी

पहाट फुटत होती, पण मानकोटच्या दर्या बुरुजावरून समुद्र अजून दिसत नव्हता. नुसते धुके होते, आणि त्या धुक्याच्या पोटात कुठेतरी वल्ह्यांचा आवाज होता. सिद्दीची गलबते खाडीच्या तोंडाशी आल्याची खबर कालच गडावर पोचली होती. पास्कू गोलंदाज आपल्या तोफेला टेकून उभा होता.

तो भीत होता, पण गलबतांना नाही. थोड्याच वेळापूर्वी, गडाखालच्या किरिस्तावांच्या वाडीत, त्याने स्वतः लाकडी फळीवर मोगरी आपटून लोकांना प्रार्थनेला बोलावले होते. तो जेजूच्या क्रूसावरच्या मरणाचा शुक्रवार होता. त्या दिवशी घंटा वाजवायची नाही, लाकूड वाजवायचे, अशी वाडीची वडिलोपार्जित रीत. पाद्री केव्हाच निघून गेला होता, तरी रीत राहिली होती. फळी वाजवायचे काम त्याची बायको बस्त्यान करी. ती धीट होती; पास्कू आयुष्यभर तिच्या आडोशाला उभा राहिला. ती माघात तापाने गेली, आणि मोगरी त्याच्या हातात आली.

किल्लेदाराचा हुकूम त्याला ठाऊक होता. शत्रू खाडीत असेतो वाडीत घंटा नाही, ढोल नाही, दिवा नाही. जो इशारा करील त्याचा कडेलोट. पण ही घंटा कुठे आहे, हे तर लाकूड, अशी पास्कूने मनाची समजूत घातली होती. आता बुरुजावर आल्यावर त्याला कळले की धुक्यात ऐकणाऱ्याला लाकूड काय आणि घंटा काय, सारखेच.

ऊन वर येण्याआधीच सदरेवरून सगळ्या शिबंदीला हाक आली. वाडीतल्या म्हाताऱ्या दुमिंगला शिपायांनी देवळाच्या दारातून धरून आणले होते. बाकीचे अंधारात पांगले. त्याचे पाय चालले नाहीत एवढाच त्याचा गुन्हा.

किल्लेदार रायाजी दळवी रात्रभर जागा होता. त्याच्या शेजारी अंताजी सबनीस बसला होता.

"म्हाताऱ्या, गलबतांना काय सांगत होतास?" रायाजीने विचारले.

"गलबतांना कशाला सांगू, सरकार? मला पलीकडचा माणूस दिसत नाही, गलबत कुठून दिसायचं?"

शिपाई हसले. सबनीस हसला नाही.

"जीभ चांगली चालते. फळी कोणी वाजवली?"

"देवाचं नाव घ्यायला बोलावलं कोणीतरी. मी गेलो."

"ठीक. कोणीतरी म्हणजे तूच. घेऊन जा याला कड्यावर."

पास्कू गोलंदाजांच्या रांगेत मागे उभा होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तो गप्प राहिला असता तर दुपारी जेवला असता. त्याला वाटले, बस्त्यान असती तर एव्हाना बोलली असती. ती नव्हती. तो पुढे झाला आणि त्याने मुजरा केला.

"सरकार, फळी मी वाजवली."

"गाढवा!" दुमिंग ओरडला. "मी म्हातारा झालोय, मला जाऊ दे की!"

"बाबा, तुम्ही गप्प राहा."

रायाजी त्याच्याकडे वळला. त्या बुरुजावर पास्कूइतका नेम कोणाचा नव्हता. "तू? मीठ आमचं खातोस आणि इशारा सिद्दीला?"

"इशारा नव्हता. आज आमच्या जेजूला क्रूसावर मारलं, म्हणून घंटा मुकी ठेवतो. हुकूम मोडला हे खरं. फितुरी केली नाही."

सबनीस पुढे झुकला. "मग सोपं आहे, पास्कू. कोण कोण जमलं होतं त्यांची नावं सांग, आणि पुन्हा असं जमणार नाही म्हणून सदरेवर कबूल हो. तोफ तुझी, जीव तुझा."

"नावं सांगणार नाही. आणि जमणार नाही असंही कबूल होणार नाही. खोटं पडेल ते."

"भीती नाही वाटत?" रायाजीने विचारले.

"फार वाटते, सरकार. पाय बघा माझे."

सगळ्यांनी पाहिले. पाय खरोखरच लटपटत होते.

रायाजीने मान खाली घातली. शत्रू दारात असताना शिबंदीसमोर दिलेला हुकूम मागे घेणारा किल्लेदार त्याला व्हायचे नव्हते. त्याने दुमिंगला सोडले आणि पास्कूकडे न बघता कड्याकडे हात केला.

कड्यापर्यंत पास्कूला दोघांनी धरून न्यावे लागले. वाटेत तो रडला, एकदा ओकला. कड्याच्या टोकाला मात्र त्याने हात सोडायला सांगितले, क्रूसाची खूण केली आणि जेजूचे नाव घेतले. ते नावही त्याच्या तोंडून नीट उमटले नाही.

कडेलोट झालेल्याला कोणी हात लावायचा नाही, असा गडाचा शिरस्ता होता. दुपारी धुके गेले, ओहोटी लागून कड्याखालचे खडक उघडे पडले, आणि पास्कूला न्यायला वाडीतून माणसे निघाली. पुढे दुमिंग, मागे बायका, पोरे, गडाच्याच मुलाणी बुरुजावरचे दोन किरिस्ताव पहारेकरी, सगळी वाडी. भर उन्हात, गडाच्या बंदुकांखालून ती चालत आली. एकमेकांचे हात घट्ट धरले होते, आणि वरूनसुद्धा कळत होते की ती भ्यालेली आहेत.

सबनीस तटावर आला. "सरकार, नावं आपणहून चालत आली. बार काढू?"

रायाजी खाली बघत होता. दोघीजणींनी लुगड्याची झोळी केली होती आणि दुमिंग खडकावर बसून पास्कूच्या तोंडावरची वाळू पुशीत होता.

"एवढ्यांना मारलंत, तर खाडीवर लढायला कोण उरेल?" रायाजी म्हणाला. "नेऊ द्या त्यांना."

त्यांनी पास्कूला देवळामागे, बस्त्यानशेजारी पुरले. संध्याकाळी सिद्दीच्या गलबतांनी पहिला गोळा टाकला. दर्या बुरुजावरच्या तोफेने उत्तर दिले, पण गोळा पाण्यात पडला. दुसराही पाण्यात पडला. रायाजी तोफेपाशी येऊन उभा राहिला, आणि नेम धरायला कोणाला हाक मारावी हे त्याला सुचेना.