लेखनिकाची सही

कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर, आणि ठरलेला लेखनिक तापानं आडवा! तिला जन्मापासून दिसत नव्हतं. लेखनिकाशिवाय वर्ष पाण्यात. ऑफिसनं ऐनवेळी ज्याला पाठवलं, त्याच्या हातांना ओल्या मातीचा वास होता.

"मी रोपवाटिकेचा कोर्स करतो," तो म्हणाला. "कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

"उत्तम! नियमाला तसाच माणूस लागतो."

पहिलं उत्तर तिनं त्याच्याकडून वाचून घेतलं.

"कलम एकवीस? मी बारा म्हटलं होतं."

"प्रश्नात एकवीस छापलंय... म्हणून मीच—"

"मग प्रश्न पुन्हा वाचा. दुरुस्ती मी करीन. माझी चूकसुद्धा माझीच हवी."

तो ओशाळला. पुढे तिच्या शब्दाबाहेर त्यानं काना-मात्राही लिहिली नाही.

तीन तासांची घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका ओढली. "वेळ संपली."

"इतरांची. मला तासाला वीस मिनिटं जादा आहेत."

"असे लाड सगळ्यांचे करत बसलो तर—"

तो ताडकन उठू लागला. तिनं त्याचं मनगट धरलं. "बसा. मी बोलते. सर, लाड नकोत, नियमातला एक तास द्या. नसेल द्यायचा तर तसं लेखी द्या."

लेखी म्हणताच सर प्राचार्यांकडे गेले. परतून त्यांनी उत्तरपत्रिका तिच्यापुढे ठेवली, आणि वाया गेलेली दहा मिनिटंही वाढवून दिली. तिचा हात मात्र अजून त्याच्या मनगटावरच होता... लक्षात आलं तेव्हा तिची कानशिलं तापली.

पुढचे चार पेपर त्यानंच लिहिले. पेपरनंतर दोघं बसस्टॉपपर्यंत चालत. तो वाटेतल्या झाडांची पानं तिच्या हाती देई, ती त्याला कायद्याची कलमं समजावून सांगे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी तो चाचरत म्हणाला, "उद्याच्या फॉर्मवर मी सही नाही करणार. त्यात लिहावं लागतं, परीक्षार्थीशी लेखनिकाचं काही नातं नाही."

"मग? नाहीच आहे की."

"हो, पण... माझ्या मनात आहे. खोटी सही करून तुझा पेपर धोक्यात घालू?"

ती चालता चालता थांबली.

"आणि माझा पेपर कोण लिहिणार, शहाण्या?"

"माझी बहीण. ऑफिसात नाव देऊन आलोय. अक्षर माझ्याहून चांगलं आहे."

"तिला ठाऊक आहे हे सगळं?"

"तिनंच तर ओळखलं."

तिनं त्याचा हात शोधला, घट्ट धरला.

"मग तिला बजावून ठेव. उद्या पेपर संपेपर्यंत मला चुकूनही वहिनी म्हणायचं नाही!"