मापाडीण

गेममधलं घर आधी राखाडी बांधतात. भिंती राखाडी, जमीन राखाडी, खुर्चीच्या जागी खुर्चीएवढा ठोकळा. रंग, लाकडाच्या रेषा, भिंतीवरची ओल हे सगळं मागाहून येतं. ते काम माझ्या धाकट्या भावाचं, ढब्बूचं. ठोकळे माझे. दार ढकललं की उघडलं पाहिजे, जिन्यावर पाय अडकता कामा नये, उचललेला खोका हातातच राहिला पाहिजे. हे सगळं घडवणारा कोड माझा.

अशा घरात मापासाठी एक माणूस उभा करावा लागतो. नुसत्या राखाडी खोलीकडे बघून दार दाराएवढं झालंय की पेटीच्या झाकणाएवढं, हे कळत नाही. शेजारी माणूस असला की लगेच कळतं. ही युक्ती या धंद्यातले सगळेच वापरतात आणि काम संपलं की तो माणूस काढून टाकतात.

आमचा माणूस माझ्या उंचीचा होता. ढब्बूने मला आमच्या कामाच्या खोलीच्या चौकटीला पाठ टेकवून उभं केलं, डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं धरलं आणि पेन्सिलीने रेघ मारली.

"हलू नकोस गं."

"श्वास घेतला तर चालेल?"

"बेताने घे."

त्या रेघेवरून मी एक बाई केली. राखाडी, बिनचेहऱ्याची, हात अंगापासून जरा लांब, बोटं नाहीत. घरातलं प्रत्येक दार, ओटा, खिडकीची कडी तिच्यावरून बेतली. तिला 'मापाडीण' म्हणायला ढब्बूने सुरुवात केली. नावं त्याला पटापट सुचतात.

*

गेमचं नाव 'आवराआवर'. कुणाचं तरी घर रिकामं करायचं, बस. वस्तू खोक्यांत भरायच्या, खोली मोकळी झाली की दिवा घालवून दार लावायचं. ते लोक कोण होते, कुठे गेले, आम्ही सांगत नाही.

आमची जागा चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, दोन खोल्या. त्याचं यंत्र सुरू झालं की आवाज फरशीतून टाचांपर्यंत चढतो. माझा कप निळा, त्याचा कान तुटलेला, म्हणून दोन्ही हातांनी धरावा लागतो. ढब्बू म्हणतो, फेकून दे. मी देत नाही. कामाच्या खोलीत माझं म्हणावं असं फार काही नाही.

*

गेम बाहेर आला. सुरुवातीला कुणी विचारलं नाही.

मग गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकणारा एकजण, त्याला सगळे बडबड्या म्हणतात, आमच्या जिन्यात अडकला. मागे सरकायला गेला आणि भिंतीतून आरपार पलीकडे पडला. स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत. ती खोली आम्ही वापरलीच नव्हती. मी तिच्या दारावर भिंत चढवून मोकळी झाले होते. आत मापाडीण तशीच राहून गेली होती.

बडबड्या किंचाळला. मग गप्प बसला. तो गप्प बसलेला त्याआधी कुणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे आम्हीच होतो, कॉमेंटवर कॉमेंट.

— सबंध घर आवरायचं आणि जिची वस्तू न् वस्तू आपण भरली ती बाई भिंतीमागे उभी! काय डोकं आहे!

— ढब्बूदादा, पायाला हात लावू द्या.

— जिना अडकतो. कोड कुणी लिहिलाय? त्या माणसाला दुसरं काम शोधून द्या.

म्हणजे जिना माझा, भिंत माझी, विसरले मी, आणि पाय ढब्बूचे.

*

आईचा फोन आला. "अगं, पेपरात ढब्बूचा फोटो आलाय! एवढा मोठा!"

"मी बघितला."

"तूही आहेस की. शेवटच्या ओळीत. 'आणि त्यांची बहीण'."

*

[इथे ढब्बूबद्दल एक परिच्छेद होता. तो काढला. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच काढला.]

*

तो कॉमेंट वाचत नसे. "वाचलं की हात जड होतो, ताई. मग रेघ सरळ येत नाही." मी मात्र सगळ्या वाचायचे. सकाळी उठून, जेवताना, दात घासताना. 'आपल्या सूचनेबद्दल आभार, दुरुस्ती लवकरच येईल' हे वाक्य बोटांना इतकं पाठ झालं की झोपेतही ती हलायची, असं तो म्हणायचा. शिव्या मला एकदा वाचून पुरत. त्याचं कौतुक मी तीन-तीनदा वाचायचे, दुखरा दात जिभेने चाचपावा तसं.

मग त्याची मुलाखत झाली. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. विचारणाऱ्याने विचारलं, भिंतीमागची बाई कुठून आली?

ढब्बूची खुर्ची करकरली.

"सुचली," तो म्हणाला.

मुलाखत संपल्यावर मी दारात जाऊन उभी राहिले.

"सुचली काय रे? राहून गेली होती ती. माझ्याकडून."

"ताई, चूक झाली असं कसं सांगायचं? तुझंच हसं झालं असतं."

"माझी काळजी म्हणून माझं श्रेय घेतलंस होय?"

"श्रेय कसलं? तूच तर म्हणालीस, राहून गेली."

खरं होतं ते. म्हणून जास्त लागलं.

*

दुरुस्ती: जिन्यात अडकणं बंद. भिंतीतून पलीकडे जाणं मात्र तसंच ठेवलं आहे. लोकांना हवं आहे.

*

— कुणाच्या लक्षात आलं का? तिची मान डावीकडे वळली आहे. आधी सरळ होती.

आधी मी हसले. लोकांना काहीही दिसतं. मग तिची फाईल उघडली. राखाडी पुतळी, मान सरळ, मी केली होती तशी. खेळून बघितलं, भिंतीतून आत गेले. सरळ.

— माझ्याकडे पण डावीकडे. शिवाय हातात कप आहे.

— दोन्ही हातांनी धरलाय. किती एकटी वाटते!

— ढब्बूदादा गुपचूप बदल करतायत. कमाल माणूस.

मी खुर्ची फिरवली. ढब्बू पाठमोरा बसून झाडाची पानं रंगवत होता.

"तू मापाडिणीला हात लावलास?"

"नाही. मला वाटलं तू लावलास. तिच्या हातात कप दिलास म्हणे, बडबड्या सांगत होता. छान कल्पना आहे ताई."

त्याच्या आवाजात खोट नव्हती. होतं ते वेगळंच. जरा आखडलेला होता तो आवाज. माझ्या कपाचा हेवा वाटत होता त्याला. मला बरं वाटलं. मी 'नाही' म्हणाले नाही.

*

ही गोष्ट इथेच थांबवता आली असती. कप माझा म्हणून मिरवले असते, दोघं सारखे झालो असतो. पण लोक थांबले नाहीत.

— अडगळीच्या खोलीत कान देऊन ऐका. खालून काहीतरी घासल्याचा आवाज येतो. लोखंडावर लोखंड.

त्या खोलीला मी आवाजच दिलेला नाही. आवाज द्यायचा तर मलाच द्यावा लागतो, आपोआप येत नाही. मी कानाला हेडफोन लावून त्या खोलीत बराच वेळ उभी राहिले. काही नाही. हेडफोन काढला. खाली चावीवाल्याचं यंत्र चालू होतं.

— कोड लिहिणारीला काढा. भिंतीमागच्या बाईला पगार द्या.

या कॉमेंटला आतापर्यंतच्या कुठल्याही कॉमेंटपेक्षा जास्त पसंतीचे बदाम मिळाले. मी त्यालाही उत्तर दिलं. 'आपल्या सूचनेबद्दल आभार.'

त्या दिवसापासून माझा हेवा ढब्बूवरून सरकला आणि तिच्यावर जाऊन बसला. माझी उंची घेऊन ती उभी होती. काही करत नव्हती. तिला जिना दुरुस्त करायचा नव्हता, कुणाचे आभार मानायचे नव्हते. भिंतीमागे उभं राहायचं, आणि सगळ्यांनी येऊन बघायचं.

*

गेम विकणाऱ्या कंपनीतून एक बाई आल्या. बूट दाराशी काढावेत की नाही या विचारात थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, दुसरा गेम हवा. पूर्ण त्या बाईवर. पैसा, वेळ, हवं ते.

"कल्पना आणि दिग्दर्शन यांचं," त्या ढब्बूकडे बघून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तांत्रिक बाजू बघालच. हवं तर. आमच्याकडेही माणसं आहेत म्हणा."

मी ढब्बूकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं: तिची आहे ती.

त्याने चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती.

*

दुरुस्ती: अडगळीच्या खोलीतली वस्तू काढली आहे.

*

त्याला संध्याकाळी कळलं.

"काढलीस?"

"माझी होती. काढली."

"अगं, पण सगळं घर तिच्या मापाने..."

"मग घे दुसरं माप."

त्याने समोरचं चित्र बंद केलं. मग पेन्सिल घेऊन उठला. मला वाटलं, आता काही फेकेल. पण त्याचा चेहरा निवलेला होता.

"बरोबर आहे तुझं. मी त्यांना फोन करून सांगतो तुझं नाव. खरंच. फक्त नव्या घराला माप लागेल. ये, उभी राहा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला बोलावत होतं. मी चौकटीला पाठ टेकवली. पुस्तक डोक्यावर आलं. खाली यंत्र घासत होतं.

"हलू नकोस हं, ताई."

या वेळी मी श्वासाबद्दल विचारलं नाही.

रेघ जुन्या रेघेवरच आली. "केसाचाही फरक नाही," तो म्हणाला, आणि फोन करायला बाहेर गेला. जाताना सवयीने दिवा घालवला, दार लावून घेतलं.

*

मी कपात चहा ओतला. खिडकीतून पुरेसा उजेड येत होता. कॉमेंट उघडल्या. शिव्या असणार याची तयारी होती.

— नवी दुरुस्ती!!! बघितली का?

— ती गेली म्हणून रडत होतो. परत आली आहे. या वेळी रंगात.

मी दुरुस्ती पुन्हा तपासली. खोली रिकामी होती. मी स्वतः रिकामी केली होती.

— कपाचा निळा रंग बघा. कान तुटलेला आहे म्हणून दोन्ही हात! आत्ता कळलं.

— चौकटीवर पेन्सिलीची रेघ आहे. एकावर एक, दोन रेघा. इतकं बारीक काम ढब्बूदादाच करू जाणे.

ढब्बूदादाच.

मी कप खाली ठेवला.

— कप खाली ठेवला!

खालचं यंत्र थांबलं.

— घासायचा आवाज बंद झाला. माझ्याकडेच की सगळ्यांकडे?

— सगळ्यांकडे.

दाराबाहेर ढब्बूचा आवाज होता. फोनवर हसत होता. माझं नाव घेत होता का, ऐकू आलं नाही. उठून दार उघडायला चार पावलं पुरली असती. पण उठले तर ते लिहितील, उठली.

— चेहरा बघवत नाही. इतका हेवा कुणी इतका खरा काढलेला नाही.

— किती जण आहोत इथे?

— खोली भरली आहे. मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतंय.

मान डावीकडे वळवली तर भिंत दिसेल. मी वळवलेली नाही.

— ती काहीतरी वाचते आहे.

— गप्प राहा सगळे. वर बघेल आता.

मी अजून वर बघितलेलं नाही.