वेगळी शेगडी

"घरात एकूण किती जण?"

"पाच," बाबा म्हणाले.

मी मागच्या पडवीत कांदा चिरत होते. हातात सुरी तशीच, तरातरा पुढे आले. खुर्चीवर एक अनोळखी तरुण, मांडीवर फॉर्मचा गठ्ठा.

"आणि मी कोण? मांजर?"

तो गडबडला. "एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब... असा नियम आहे."

नवऱ्याला सोडून मी परत आले, तेव्हा बाबांनी हाकललं नाही. पडवीत वेगळी शेगडी मांडून दिली. म्हणजे आता कागदावरूनही मी गायब!

"कुठल्या शहाण्याने केला हा नियम?"

"मी..." तो हळूच म्हणाला. "गरिबीच्या पाहणीचे प्रश्न मीच तयार केलेत. ते विचारून बघायला आलोय."

"तेव्हा अक्कल कुठे गहाण टाकली होती?"

नवा फॉर्म काढून तो पडवीच्या पायरीवर येऊन बसला. कमाई विचारली, मी काजं-बटणांची मजुरी सांगितली. मग— "गेल्या आठवड्यात कधी उपाशी झोपलात?"

"नाही."

पेन थांबलं. त्याने वर पाहिलं. त्या नजरेत कीव असती ना, तर सुरीच फेकली असती.

"तीनदा," मी म्हणाले. भिंतीपलीकडे आईच्या हातातलं भांडं खणकन पडलं.

पुढे तो फेरतपासणीला आला. मग पुन्हा आला.

"इतकं काय तपासताय?"

"उत्तरं तीच आहेत... मीच जरा बदललोय."

"चावट!" हसू आलं, आणि हसू आल्याचाही राग आला.

महिन्याभराने आला तो लालबुंद होऊन. "नवा प्रश्न घातला, घरात कुणाची वेगळी चूल आहे का? चारशे घरांत तुमच्यासारख्या एकतीस जणी निघाल्या! आणि साहेब म्हणतात, काढा तो प्रश्न, फॉर्म लांबतो." त्याने फॉर्मचा गठ्ठा पायरीवर आपटला. "नाही काढणार. नोकरी गेली तरी!"

इतके दिवस मी एकटीच चिडत होते. माझ्यासाठी दुसरं कुणी असं पेटलेलं मी पाहिलंच नव्हतं.

"मला तुम्ही आवडता," तो त्याच तिरीमिरीत म्हणाला.

"सांगताय की भांडताय?"

"दोन्ही."

"सोमवारी कोर्टात फारकतीची तारीख आहे... याल सोबत?"

"येईन."

"कोण आलंय गं तिकडे?" बाबा आतून गरजले.

मी त्याचा हात घट्ट धरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "माझा माणूस!"