प्रेसखालचा पत्रा

"गाडी दारात आणि इंजिन गायब, असला प्रकार आहे हा," धाकटा ताईच्या कानाशी पुटपुटला. "म्हणूनच म्हणत होतो, भंगारात द्या."

ताईने मान वळवली नाही. वर्कशॉपमधला तो जुना कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा आणि पत्रे दाबणाऱ्या प्रेसचा सगळा मेंदू त्याच्यात होता. प्रोग्राम बदलला की इथेच, याच डबड्यावर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल असा बांधायचा, ही थोरल्याची पद्धत. थोरला म्हणजे या दोघांचा दादा. गेला तोही याच प्रेसखाली. आधी हात, मग खांदा. त्यापुढचं घरात कुणी बोलत नसे, नुसतं 'तो दिवस' म्हणत. आणि उद्यापासून त्याच प्रेसवर त्याची बायको बसणार होती.

प्रेसच्या तोंडाशी किरणांचा एक पडदा असतो. त्यात हात गेला की प्रेस आहे तिथे थांबते. त्या दिवशी थांबली नाही. सेन्सर खराब होता, असं सर्वानुमते ठरलं. ताईने नवा सेन्सर आणून बसवला होता, पण प्रोग्राम पुन्हा बांधल्याशिवाय तो कामाचा नव्हता, आणि बांधायची हत्यारंच सिस्टिममध्ये नव्हती.

"कंपायलर आपोआप जात नाही," ताई म्हणाली. "कुणीतरी काढावा लागतो."

"भुताने काढला असेल."

वहिनी प्रेसजवळच्या स्टुलावर बसून हातमोजे उलटे-सुलटे करत होती.

ताईने कमांड दिली. पडद्यावर ओळी पळाल्या. कंपायलर बसला, आणि त्याच क्षणी प्रेस खाली आली. मग सावकाश वर गेली.

मेन स्विच पाडलेला होता. वहिनीनेच पाडला होता.

"सिलिंडरमध्ये दाब उरला असेल," ताई म्हणाली. तिला ते पटण्यासारखं वाटलं.

वहिनीने खालचा रद्दी पत्रा ओढून पाहिला. त्यावर चार खळगे होते, बोटांच्या टोकांएवढे. तिने पत्रा होता तसा परत सरकवला.

मग मेक, बांधणीचं दुसरं हत्यार. या वेळी दणका असा बसला की भिंतीवरचे पाने खळखळून खाली आले. तेलाचा उष्ण वास सुटला आणि त्याखाली दुसरा एक, लोखंडी, ओला. पत्र्यावर आता तळवा होता. करंगळी बाहेर वळलेली. लहानपणी दारात चेचून दादाची झाली होती, तशीच.

दाब एकदाच उरतो. ताईला माहीत होतं.

"बंद कर ते," धाकटा म्हणाला.

"उद्या वहिनीचे हात आत जाणार आहेत."

"जायला नकोत ना! विका म्हणतोय मी."

ताईने प्रोग्राम उघडला. सेन्सरची ओळ जागच्या जागी होती, फक्त तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा मारलेल्या होत्या. मशीनने ती ओळ वाचूच नये, म्हणून. सेन्सर कधी खराब झालाच नव्हता. हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिने धाकट्याकडे पाहिलं. लहानपणी याला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. बांधणीला लागणाऱ्या हेडर फायलींचं पॅकेज तेवढं बसवायचं राहिलं होतं. तिने एंटर दाबलं.

धाकट्याने हातोडा उचलला. ताई मध्ये गेली, तर त्याने तिला असं ढकललं की तिचं कपाळ शिकंज्याच्या कडेवर फुटलं. डोळ्यांवरून रक्त ओघळलं. तिला नुसते घाव ऐकू आले. काच, पत्रा, पुन्हा काच. तो थांबला तेव्हा कॉम्प्युटरचा चुरा झाला होता. वायर उपसून निघाली होती.

प्रेस खाली आली.

या वेळी ती वर गेली नाही. दाबत राहिली. कुरकुर करत, थोडं, अजून थोडं.

मग उठली.

वहिनीने पत्रा उजेडात धरला. तळव्यामागे आता मनगट होतं. मनगटाला वेढा घालून दुसऱ्या हाताची बोटं, घट्ट. एका बोटावर जाड चौकोनी अंगठी.

धाकट्याने हात खिशात घातला.

वहिनी त्याच्यासमोर आली. तिने त्याचा हात बाहेर काढला, पोराचा हात धरावा तसा हळुवार, आणि त्या खळग्यांत ठेवला. बोटं बसली. अंगठीही बसली.

पत्रा अजून कोमट होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "यांचा हात अडकला नव्हता. तुम्ही धरून ठेवला होतात."